गार्मिन एज ५४०: मुंबईच्या पावसात, पुलाखाली आणि घाटात

सायकलला लावायचा जीपीएस कॉम्प्युटर घेणार असाल, तर दुकानातल्या एसीत आणि ट्यूबलाइटच्या उजेडात त्याची स्क्रीन बघून ठरवू नका. दुकानदाराला विनंती करा, यंत्र बाहेर फुटपाथवर न्या, दुपारच्या उन्हात हात लांब करून धरा आणि जवळचा चष्मा न लावता वेगाचा आकडा वाचता येतो का ते बघा. मग बोटं ओली करून सगळी बटणं दाबा, पानं पुढे-मागे करा. या दोन परीक्षांत जे यंत्र उतरेल तेच मुंबईत कामाचं. बाकी वैशिष्ट्यांची यादी कितीही लांब असली तरी तिचा नंबर नंतर.

मी मुलुंडला राहते, शाळेत भूगोल शिकवते. पन्नाशी ओलांडली आहे आणि चाळिशी तर केव्हाच लागली आहे. सायकलवर जवळचा चष्मा लावला की समोरचा खड्डा धूसर होतो, न लावला तर हँडलवरचे बारीक आकडे धूसर होतात. दूरचं बघणारे डोळे तसेच ठेवून वाचता येईल असं काहीतरी मला हवं होतं. बरीच यंत्रं हाताळून शेवटी गार्मिनचं एज ५४० घेतलं. त्यावर उन्हाळा, पावसाळा, हिवाळा सगळं काढून झालं आहे, त्यामुळे आता मनापासून आणि ठामपणे लिहू शकते.

आधी फोनचं बोलू, कारण पहिला प्रश्न तोच येतो. फोनमध्ये जीपीएस आहे, नकाशा आहे, राइडची नोंद ठेवणारं स्ट्राव्हा ॲप आहे, मग वेगळं यंत्र कशाला? तासाभराच्या फेरीला फोन पुरतो, अगदी खिशात ठेवूनही. पण तो हँडलवर बसवून स्क्रीन सतत चालू ठेवायची म्हटली की अडचणी सुरू होतात. एप्रिलच्या उन्हात फोन तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी स्क्रीन मंद करतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच दिसेनासा होतो. पावसात थेंबांनाच बोट समजतो. आणि बॅटरी संपली तर नकाशाबरोबर घरी फोन करायची सोयही जाते. माझ्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. एकटी लांब जाते तेव्हा फोन भरलेला, पिशवीत गुंडाळलेला आणि खिशात असावा. रस्ता दाखवायचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं.

एज ५४० हे २०२३ सालचं मॉडेल. स्क्रीन २.६ इंची, वजन ८० ग्रॅमच्या जरा वर, चार्जिंग यूएसबी-सीने. त्याच्याच बरोबर आलेलं ८४० हे त्याचं टचस्क्रीनवालं भावंड. त्यात बटणंही आहेत आणि साठवणूक ३२ जीबी आहे, ५४० मध्ये ती १६ जीबी. दोघांचेही सोलर अवतार मिळतात. मी मुद्दाम टचस्क्रीन नसलेलं घेतलं. ५४० ला एकूण सात बटणं आहेत: डाव्या कडेला तीन, उजव्या कडेला दोन, आणि खाली सायकलस्वाराच्या बाजूला दोन, एक लॅपचं आणि एक सुरू-बंदचं. पहिले काही दिवस कोणतं बटण कशाचं हे आठवावं लागतं, नंतर अंगठा आपोआप जातो. जुलैत ऐरोलीच्या पुलावर आडवा पाऊस झोडपत असताना, हातमोजे निथळत असताना पान बदलता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. तिथे एक हात सोडून स्क्रीन पुसत बसायची सोय नसते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. टचस्क्रीन नाही म्हणजे नकाशा बोटाने ओढता येत नाही. पुढच्या चौकात काय आहे हे चाचपायचं तर बटणं दाबत दाबत सरकावं लागतं. ज्यांना वाटेत थांबून नकाशा चाळत नवीन रस्ता शोधायला आवडतं, त्यांनी ८४० कडेच बघावं. मी रूट घरीच आखून निघते, त्यामुळे मला ते कधी नडत नाही.

स्क्रीनबद्दल थोडं सविस्तर. या यंत्रांची स्क्रीन फोनच्या स्क्रीनसारखी स्वतःच्या उजेडावर अवलंबून नसते. ती बाहेरचा उजेड परावर्तित करून दिसते, त्यामुळे ऊन जितकं कडक तितकी ती स्वच्छ. रंग फोनच्या मानाने फिके वाटतात आणि दुकानात म्हणूनच ती मार खाते. शेजारी झगझगीत स्क्रीनचं यंत्र ठेवलं तर कुणाचाही हात तिकडे जाईल. पण मे महिन्यात सकाळी साडेनऊला पाम बीच रोडवर फिकी स्क्रीनच कामाला येते. पहाटे अंधारात निघताना बॅकलाइट लावावा लागतो. तो आपोआप कमी-जास्त होईल असं ठेवता येतं.

एका पानावर दहापर्यंत आकडे मांडता येतात. कृपा करून मांडू नका. माझ्या मुख्य पानावर चारच आहेत: वेग, अंतर, चढाची टक्केवारी आणि घड्याळातली वेळ. चारच असल्यामुळे ते ठसठशीत दिसतात आणि एका नजरेत वाचून होतात. हृदयाचे ठोके, पायडलचे फेरे, बॅटरी हे सगळं दुसऱ्या पानावर. मुंबईच्या रस्त्यावर नजर खाली किती वेळ ठेवता येते याचा प्रत्येकाने प्रामाणिकपणे विचार करावा. लालबहादूर शास्त्री मार्गावर उभ्या गाडीचं उघडणारं दार, उलट्या दिशेने येणारा डिलिव्हरीवाला, मेट्रोच्या कामाचे पत्रे, सगळं त्याच अर्ध्या सेकंदात घडतं.

आता जीपीएस. मुलुंडहून मरीन ड्राइव्हला जायचं तर माझा नेहमीचा मार्ग शीव, दादर, लालबाग, भायखळा, मग जेजे आणि मोहम्मद अली रोड. जेजे उड्डाणपुलावर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे आपण खालून जातो: डोक्यावर अडीचेक किलोमीटर काँक्रीटचं छत आणि दोन्ही बाजूंना चार-पाच मजली जुन्या इमारती. जीपीएसची खरी परीक्षा घ्यायला मुंबईत याहून चांगली जागा नाही. उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यांचे संदेश जमिनीवर पोचेपर्यंत फार क्षीण झालेले असतात. छताखाली ते थेट मिळत नाहीत, भिंतींवर आपटून वळसा घेऊन येतात. वळसा म्हणजे उशीर, आणि जीपीएसमध्ये उशीर म्हणजे अंतर, कारण सगळं गणित संदेश यायला किती वेळ लागला यावरच आहे. म्हणून यंत्राने नकाशावर नोंदवलेली तुमची रेघ रस्ता सोडून इमारतींच्या आतून चालल्यासारखी दिसते आणि वेगाचा आकडा उड्या मारतो.

५४० दोन वारंवारता ऐकतं. जुनी एल१ म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झ आणि नवी एल५ म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झ. एल५ वरचा सांकेतिक क्रम दहापट जलद असतो, त्यामुळे थेट आलेला संदेश आणि भिंतीवर आपटून आलेला संदेश वेगळे ओळखणं सोपं जातं. पेडर रोडच्या उंच इमारतींमध्ये, लोअर परळच्या टॉवरांच्या मधून याचा फरक रेघेत स्पष्ट दिसतो: मी रस्त्याच्या कुठल्या कडेने गेले तेही कळतं. पण पूर्ण छताखाली कुठलंच तंत्र चमत्कार करत नाही. मोहम्मद अली रोडवर पुलाखाली ५४० ची रेघही थोडी डुलते, आणि ते भौतिकशास्त्राला धरूनच आहे.

त्यावरचा उपाय म्हणजे चाकाच्या हबला, म्हणजे मधल्या भागाला, बसणारा स्पीड सेन्सर, आणि माझ्या मते मुंबईकराने घ्यायची पहिली जोडवस्तू हीच. पॉवर मीटर, रडार, स्मार्ट लाइट सगळं नंतर. सेन्सर चाकाचे फेरे मोजतो, त्याला आकाश दिसायची गरज नाही. पुलाखाली, सबवेत, मेट्रोच्या खांबांखाली वेग आणि अंतर बिनचूक चालू राहतं. आत सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी असते, ती कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते. फक्त चाकाचा परीघ बरोबर टाका. यंत्र जीपीएसच्या मदतीने तो स्वतः काढू शकतं, पण ते मोकळ्या रस्त्यावर करू द्या. हाताने टाकायचा तर टायरच्या बाजूला माप लिहिलेलं असतं. ७०० बाय २८ साठी २१३६ मिलिमीटर, ७०० बाय ३२ साठी २१५५. एवढ्याशा फरकाने शंभर किलोमीटरला जवळपास नऊशे मीटर इकडे-तिकडे होतात.

नाडीचे ठोके, पायडलचे फेरे, वेग यांचे सेन्सर दुसऱ्या कंपनीचे असले तरी चालतात. अँट प्लस आणि ब्लूटूथ या सेन्सरशी बिनतारी बोलण्याच्या दोन्ही भाषा ५४० ला येतात. जुने सेन्सर असतील तर टाकून देऊ नका.

यापुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो आणि वर्गातही मी तो मुलांना सांगते. उंची मोजण्यासाठी यंत्रात वायुदाबमापक असतो. जीपीएसवरून उंची काढता येते, पण ती अंतराइतकी भरवशाची नसते. हवेच्या दाबावरून चढ-उतार फार नाजूकपणे टिपता येतो. समुद्रसपाटीजवळ दर आठ-नऊ मीटर वर गेलं की दाब साधारण एक मिलिबारने उतरतो. फ्लायओव्हर चढतानाचा फरकही त्यामुळे कळतो.

पण दाब फक्त उंचीमुळे बदलत नाही. आपल्या उष्ण कटिबंधात दाबाला रोजची भरती-ओहोटी असते: पहाटे चारच्या सुमारास तो खाली असतो, सकाळी दहाच्या सुमारास वर. म्हणजे तुम्ही पहाटे पाचला घरून निघालात आणि दहाला त्याच फाटकात परत आलात, तर यंत्राच्या मते तुमची इमारत दहा-पंधरा मीटर खाली गेलेली असू शकते. आमच्या ग्रुपमधले काका पहिल्यांदा हे बघून यंत्र बदलून मागायला निघाले होते. यंत्र व्यवस्थित आहे, वातावरण हललं आहे. पावसाळ्यात तर मुंबईवरचा दाब हिवाळ्याच्या मानाने साधारण आठ-दहा मिलिबारने कमी असतो, आणि एखादा कमी दाबाचा पट्टा जवळून सरकला की तासातासाला आकडा बदलतो. म्हणून निघण्यापूर्वी यंत्राला दोन मिनिटं उघड्यावर शांत ठेवा, उंची माहीत असेल तर हाताने टाका. लोणावळा, इगतपुरीसारख्या रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. मी तिथे थांबून ताडून बघते, आणि हा पडताळा मला अजूनही दर वेळी आनंद देतो.

पावसाचा आणखी एक त्रास असा की दाबमापकाच्या बारीक भोकांत पाणी बसतं आणि आतला दाब बाहेरच्या हवेशी जुळेनासा होतो. मग सपाट रस्त्यावर चढ दिसतो, चढावर शून्य दिसतं. हे कुठल्याही कंपनीच्या यंत्रात होतं. थांबून यंत्र काढा, उलटं करून हळूच झटका, कापडाने टिपा. भोकात पिन किंवा टाचणी घालू नका. मरीन ड्राइव्हच्या खाऱ्या वाऱ्यातून आणि घामातून आल्यावर साध्या पाण्याने पुसून घेणंही चांगलं. आयपीएक्स७ दर्जा म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी, त्यामुळे पावसाचं भय नाही. चार्जिंगची खाच मात्र पूर्ण कोरडी झाल्याशिवाय केबल लावू नका. आपल्याकडच्या दमट हवेत ती रात्रभर ओली राहू शकते.

आता ज्यासाठी मी जास्तीचे पैसे दिले ते: क्लाइंबप्रो. चढ आला की हे पान स्वतःहून उघडतं आणि चढ किती उरला, किती मीटर वर जायचं आहे, सरासरी टक्केवारी किती, हे दाखवतं. चढाची आकृती हिरव्यापासून लालपर्यंत रंगवलेली असते. ५४० मध्ये रूट आधी भरलेला नसला तरीही पुढचा चढ ओळखला जातो. किमान पाचशे मीटर लांब आणि सरासरी तीन टक्के असेल तरच तो चढ धरला जातो, त्यामुळे दादर-परळचे फ्लायओव्हर यात येत नाहीत.

याचं मोल खोपोलीला कळतं. पनवेल, मग चौक गाव करत जुन्या महामार्गाने खोपोलीत पोचलं की समोर बोरघाट. खोपोली साठेक मीटरवर, खंडाळा साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाचशे मीटर वर जायचं. रेल्वेला हाच सह्याद्री चढायला ३७ मीटरला १ मीटर, म्हणजे पावणेतीन टक्क्यांपेक्षा जास्त चढ परवडला नाही, आणि तेवढ्यासाठीही गाडीला मागून ढकलणारी जादा बँकर इंजिनं लावावी लागतात. रस्त्याचा आकडा त्याच्या दुप्पट-तिप्पट होतो. शिंगरोबाच्या देवळाकडे चढताना, ज्या धनगराने इंग्रजांना ही वाट दाखवली असं परंपरा सांगते त्याच्या देवळाकडे, समोरच्या पट्टीवर लाल तुकडा किती लांब आहे आणि त्यानंतर पिवळा येतो की आणखी लाल, हे आधी कळलं की पाय वेगळ्या हिशेबाने चालतात. मी सुरुवातीला गिअर हलका करते, ठोके वर जाऊ देत नाही, आणि वरच्या तुकड्यासाठी ताकद राखते. तरण्या मुलांना याची गरज कमी. माझ्या वयाच्या माणसांना, विशेषतः डॉक्टरांनी ठोक्यांची मर्यादा सांगितलेल्यांना, ही माहिती सुरक्षिततेची आहे. थंडीत ठाण्याच्या येऊरला सराव करताना मी हेच पान वापरते. चढ लहान आहे, पण घाटाची तालीम चांगली होते.

रूट आखण्याबद्दल एक कळकळीची सूचना. स्ट्राव्हा, कोमूट, राइड विथ जीपीएस किंवा गार्मिनचं स्वतःचं ॲप, कुठेही आखा, पण यंत्रात भरण्यापूर्वी संपूर्ण रेघ डोळ्यांखालून घाला. वांद्रे-वरळी सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू या तिन्हींवर सायकलला परवानगी नाही. पुणे एक्सप्रेसवेही सायकलसाठी नाही, आणि घाटात जुना रस्ता त्याला जिथे मिळतो तिथे फार सांभाळून जावं लागतं. नकाशावर रेघ सरळ आणि जवळची दिसते म्हणून तिच्यावर विश्वास टाकू नका. मी प्रत्येक नवीन रूट एकदा उपग्रहाच्या चित्रावर ठेवून बघते. सर्व्हिस रोड कुठे सुटतो, पूल कुठे चढायचा नाही, हे त्यात कळतं. एकदा भरलेला रूट यंत्रातच राहतो, त्यामुळे रेंज नसली तरी वळणाची सूचना येत राहते. माळशेजच्या बाजूला, जव्हारकडे हे फार कामाचं आहे.

मांडव्याला जाणाऱ्यांसाठी: भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने सायकल नेता येते. बोटीत चढताना रेकॉर्डिंग थांबवा आणि उतरल्यावर चालू करा, नाहीतर समुद्रातले किलोमीटरही तुमच्या नावावर जमा होतात आणि दिवसाची सरासरी निरुपयोगी होते.

ऑटो पॉज, म्हणजे सायकल थांबली की मोजणी आपोआप थांबवणारी सोय, मुंबईत चालू ठेवावा असं माझं मत आहे. सिग्नल इतके आहेत की त्याशिवाय सरासरी वेगाला अर्थ उरत नाही. पण ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास, हे घड्याळ तुम्ही चहाला थांबलात तरी चालूच असतं. यंत्र मात्र चालवण्याचा वेळ वेगळा आणि एकूण वेळ वेगळा मोजतं. ब्रेव्हेच्या दिवशी पानावर एकूण वेळ ठेवा. चालवण्याच्या वेळेवर विसंबून निवांत मिसळ खाणाऱ्या लोकांची शेवटच्या कंट्रोलला, म्हणजे तपासणी नाक्याला, धावपळ झालेली मी पाहिली आहे.

बॅटरी कंपनीच्या आकड्याप्रमाणे जास्त वापरात २६ तास आणि बचतीच्या पद्धतीत ४२ तास. दिवसभराच्या राइडला चार्जरची आठवणही येत नाही. ४०० आणि ६०० साठी छोटी पॉवर बँक फ्रेमवरच्या पिशवीत ठेवून चालता चालता चार्ज करता येतं, पण पाऊस असेल तर ते टाळा. सोलरचे जास्तीचे पैसे मी दिले नाहीत. आपण बहुतेक पहाटे निघून ऊन चढायच्या आत परततो, आणि चार महिने आभाळ भरलेलं असतं.

अपघात ओळखण्याची सोय आहे. जोराचा हादरा बसून सायकल थांबली तर यंत्र तीस सेकंद मोजतं, आणि तेवढ्यात तुम्ही रद्द केलं नाही तर घरच्यांना ठिकाणासह निरोप जातो. निरोप जातो तो तुमच्या फोनवरून. म्हणजे फोन जोडलेला हवा आणि रेंज हवी. घाटाच्या कुशीत रेंज नसेल तर निरोप जाणार नाही, हे घरच्यांनाही समजावून ठेवा. माझ्या मिस्टरांना मी थेट ठिकाण दाखवणारी लिंक पाठवते, आणि कुठल्या पट्ट्यात ती थोडा वेळ गोठेल हेही सांगून निघते. त्यामुळे त्यांची काळजी खरोखर कमी झाली.

बसवताना हँडलच्या पुढे येणारा माउंट घ्या. हँडलच्या वर बसवलं की मान जास्त वाकवावी लागते. जाड हँडलचा व्यास ३१.८ मिलिमीटर असतो, जुन्या किंवा साध्या सायकलींचा २५.४, तेव्हा घेण्यापूर्वी मोजा. आणि सोबत येणारी छोटी दोरी खोक्यात ठेवू नका. ती यंत्राला आणि हँडलला बांधा. पावसाळ्यातल्या पेव्हर ब्लॉकवरून आणि पाण्याने झाकलेल्या खड्ड्यातून जाताना पाव वळण घेऊन बसलेलं यंत्र उडू शकतं, आणि मागून येणारी बेस्ट थांबणार नसते. चहाला थांबलात की यंत्र काढून खिशात.

सगळ्यांनी ५४० च घ्यावं असं मी म्हणत नाही. साध्या यंत्रांच्या आणि वरच्या यंत्रांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो, आणि हा फरक लहान नाही. माझ्या भाच्याने आयजीपीस्पोर्टचं बीएससी२०० घेतलं. अडीच इंची कृष्णधवल स्क्रीन, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे २५ तास बॅटरी, चढाची टक्केवारी, बटणं. मला ते उन्हात वाचायला फार आवडलं. पांढऱ्यावर काळं, ठळक. त्यात पार्श्वभूमीला नकाशा नाही, भरलेल्या रूटची नुसती रेघ दिसते. "मावशी, मला आरे, पवई आणि नॅशनल पार्कातून कान्हेरी एवढंच करायचं असतं, नकाशा काय करू?" असं तो म्हणाला आणि त्याचं बरोबर आहे. ओळखीच्या रस्त्यावर रेघ पुरते. भिवंडी-वाडा बाजूच्या गावांत, जिथे तीन वाटा एकाच झाडाखालून फुटतात, तिथे नकाशा लागतो. वाहूच्या एलेमेंट बोल्टची २०२१ सालची आवृत्तीही मी हाताळली. २.२ इंची स्क्रीन, बटणं, १५ तास, आणि सगळी मांडणी फोनवरून करता येते, जे यंत्रांची धास्ती घेणाऱ्यांना फार सोयीचं आहे. माझी नजर तरुण असती तर कदाचित तेच घेतलं असतं.

घेताना बिल घ्या, जीएसटीसकट, अनुक्रमांक लिहिलेलं. एका दुकानात मला बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणाले. यंत्र बाहेरून आणलेलं होतं आणि वॉरंटीचं विचारल्यावर उत्तर आलं नाही. मी उठले. एवढ्या किमतीची वस्तू पावसात वापरणार आहोत, तेव्हा भारतातली वॉरंटी हवीच. कुणी परदेशातून आणून देत असेल तर इथे दुरुस्ती कोण करेल ते आधी लिहून घ्या.

राहिलं मागचं रडार. गार्मिनचं व्हेरिया मागून येणारी गाडी १४० मीटरवरून ओळखतं आणि स्क्रीनच्या कडेला ठिपका सरकताना दाखवतं. शहरात त्याचा उपयोग थोडा, कारण मागे कायमच कुणीतरी असतं आणि ठिपके संपत नाहीत. पण पनवेलच्या पुढे, भल्या पहाटे, ट्रेलर मागून येत असताना ते हवंसं वाटतं. ग्रुपमधल्या एकीचं लावून मी चौकपर्यंत गेले, आणि त्यानंतर आरशाकडे बघणं निम्म्यावर आलं. दिवाळीनंतर घाटाचा मोसम सुरू होईल, त्याआधी ते घ्यायचं ठरवलं आहे.